वस्तीतलं कलादालन: पत्र्याची शेड की स्लॅब?

आमच्या मंडळाचा जीव दोन आराखड्यांत अडकलाय. एक, उत्तरेकडे उंच खिडक्या असलेली पत्र्याची शेड. दुसरा, जाड विटांच्या भिंती, वर स्लॅब आणि मधे छोटं अंगण.

स्वस्ताईत शेड सरळ पुढे. कामही लवकर उरकतं.

पण नागपूरचा मे! पारा ४५ च्या वर जातो, पत्रा तापतो आणि कूलर लावावाच लागतो. कूलरची ओल जलरंगाच्या कागदाला बाधते. कडा लाटेसारख्या उचलल्या जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पत्र्याखाली जाड इन्सुलेशन टाकता येतं, पण मग स्वस्ताई कुठे उरली? स्लॅबही रात्री उशिरापर्यंत धगधगतो, म्हणून वर पांढरा चुना किंवा चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) करून घ्यावं.

उजेडात शेड सरस. मात्र नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, तेव्हा खिडक्यांवर छज्जा हवाच. नाजूक कागदाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड पुरे.

चित्रं टांगायला विटांची भिंत उत्तम.

शिल्पं, कार्यशाळा, मुलांची शिबिरं असतील तर शेड घ्या. जुनी चित्रं कायमची जपायची असतील तर, पैशांसाठी दोन वर्षं थांबून का होईना, स्लॅबच.