आधी फायली, मग लॅपटॉप : फोंड्यातील एका दुरुस्ती-दुकानाची सेवा

लॅपटॉप सुरू होत नाही म्हणून दुकानात नेला की गिऱ्हाइकाला बहुधा पहिला प्रश्न येतो तो ‘विंडोज नव्याने टाकू का?’ हाच. गोव्यातील फोंड्याच्या वरच्या बाजारातील, जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढ्या या दुकानात मात्र आत काय आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठे ठेवली आहे का, याची चौकशी आधी होते. माझ्या लॅपटॉपमध्ये जमिनीचे एक-चौदाचे उतारे (गोव्यातले सातबाऱ्यासारखे), चवथीचे म्हणजे गणेशचतुर्थीचे अनेक वर्षांचे फोटो आणि गावच्या जत्रेत होणाऱ्या नाटकाची नव्याने सुधारलेली संहिता होती. उतारे पुन्हा काढता आले असते. संहितेचे तसे नव्हते. एवढे ऐकून मालक म्हणाले, “पयलीं फायली काडूंया, मागीर लॅपटॉप पळोवया.”

हा क्रम योग्य का, हे त्यांच्या कामातून नीट कळते. दुकानात नेण्याआधी पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटत होते आणि मग विंडोजची स्वयंचलित दुरुस्ती फिरत राहत होती; म्हणजे पडदा आणि मदरबोर्ड जिवंत होते आणि संशय डिस्कवर होता. अशा वेळी लॅपटॉप पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिल्याने थकलेल्या डिस्कवर नाहक वाचन-लेखन होते. घरोघरी सुचवला जाणारा चेकडिस्क (डिस्कवरील चुका शोधून दुरुस्त करणारी विंडोजमधली सोय) हा उपायही डिस्कच खराब होत असेल तर घातक ठरतो, कारण तो मूळ डिस्कवरील नोंदींमध्येच फेरबदल करतो. मालकांनी लॅपटॉप एकदाही सुरू केला नाही. मागचे झाकण उघडून आधी बॅटरीची जोडणी सोडवली, कागदावर लॅपटॉपचा आकार काढून प्रत्येक स्क्रू ज्या जागेचा त्या जागी मांडला आणि अडीच इंची हार्ड डिस्क बाहेर काढून ती कानाजवळ धरावी तशी हलकेच तिरकी करून पाहिली. मग ती सॅटा-यूएसबी केबलने, म्हणजे सुटी डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या तारेने, त्यांच्या लिनक्सवरील (विंडोजऐवजी वापरल्या जाणाऱ्या प्रणालीवरील) संगणकाला जोडली.

स्मार्ट नोंदींमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्यात, खराब सेक्टर (डिस्कवरील साठवणुकीचे छोटे कप्पे) दिसताच त्यांनी फायली एकेक करून उचलण्याऐवजी डीडीरेस्क्यू या मोफत प्रणालीने संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायला सुरुवात केली. ही प्रणाली नादुरुस्त भागाशी झटापट करत बसत नाही. सहज वाचता येणारा भाग आधी उचलून घेते आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळते. काय वाचून झाले आणि काय राहिले याची नोंद ती एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी तिथूनच पुढे चालू करता येते. पावसाळ्यात ज्या गावी विजेचा भरवसा नसतो तिथे या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. पुढची सगळी शोधाशोध या प्रतीवर झाली. मूळ डिस्क बाजूला काढून ठेवली होती.

संहिता आणि कागदपत्रे फोल्डरांच्या मूळ नावांसह परत मिळाली. काही फोटो वरून अर्धे स्पष्ट आणि खाली राखाडी पट्टा असे आले. डिस्कवरील फायलींची यादीच नष्ट झाली असती तर फोटोरेक ही हरवलेल्या फायली शोधणारी प्रणाली वापरून फायली केवळ त्यांच्या अंतर्गत खुणांवरून ओळखाव्या लागल्या असत्या आणि मग मूळ नावे उरली नसती, असे मालकांनी समजावले. चवथीच्या माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताचे) शेकडो निनावी फोटो वर्षवार लावायला घरात कोणी बसले असते असे मला वाटत नाही.

आपल्या आवाक्याबाहेरचे काम हे दुकान स्पष्टपणे नाकारते आणि याच गोष्टीवर माझा विश्वास बसला. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर ती इथे उघडत नाहीत. ते धूळमुक्त प्रयोगशाळेचे काम असून त्याचा खर्च बराच मोठा असतो, हे आधीच सांगतात. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलपाने, बंद असेल तर ते उघडणारा ४८ अंकी क्रमांक (रिकव्हरी की) मागतात. ही की पुष्कळदा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मात्र ती कुठेच मिळाली नाही तर डिस्क ठणठणीत असूनही फायली वाचता येत नाहीत. नव्या मॅकबुकमध्ये साठवणूक बोर्डावरच जोडलेली आणि कूटबद्ध असल्यामुळे ती काढून दुसरीकडे लावता येत नाही, म्हणून ते काम घेतच नाहीत.

उणिवा आहेत. पावतीवर केवळ ‘लॅपटॉप, डेटा’ एवढेच लिहिले होते. डिस्कचा अनुक्रमांक मी आग्रहाने लिहवून घेतला. काढलेली प्रत दुकानाच्या डिस्कवरून कधी पुसणार, हेही विचारल्याशिवाय सांगितले गेले नाही. मग माझ्यासमोरच ती पुसली. खासगी कागदपत्रे सोपवणाऱ्याला या दोन गोष्टी न मागता मिळायला हव्यात. दर मात्र आधी सांगितला होता आणि त्यात शेवटी वाढ झाली नाही. फायली मिळाल्या नाहीत तर केवळ तपासणीचे पैसे घेतात.

दुकान दुपारी एक ते साडेतीन बंद असते आणि रविवारी उघडत नाही. फायली ज्यात भरून घ्यायच्या ती पुरेशा क्षमतेची रिकामी डिस्क बरोबर न्यावी, कारण ती दुकानातून घेतल्यास बाहेरच्यापेक्षा महाग पडते.