पाटी नसलेले वर्कशॉप आणि पद्मिनीचा सडलेला तळ

जुन्या गाडीच्या तळाचे पत्राकाम चांगले झाले की वाईट, याची पारख काम संपल्यावर करता येत नाही. काळ्या कोटिंगचा थर चढला आणि वर मॅट अंथरले, की सडक्या पत्र्यावर दडपलेली पट्टी आणि निरोगी पत्र्याला घातलेला जोड बाहेरून सारखेच दिसतात. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला, यंत्रमागांच्या खडखडाटात चालणाऱ्या या पाटी नसलेल्या वर्कशॉपला मी अधिक गुण देतो ते याच कारणासाठी. येथे कोटिंग करण्यापूर्वी मालकाला गाडीखाली बोलावतात, हातात बॅटरी देतात आणि त्याने प्रत्येक जोड पाहून होकार दिल्याशिवाय कोटिंगचा डबा उघडत नाहीत.

माझी गाडी १०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी असून तिचे बरेचसे आयुष्य कोकणच्या किनाऱ्यालगत गेलेले आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत मोटारीचा तळ सहसा इतका सडत नाही. पण खारी हवा, पुढच्या काचेच्या कडक झालेल्या रबरातून झिरपणारे पाणी आणि ते पाणी धरून ठेवणारे मॅटखालचे नमदे एवढी सामग्री जमली, की पत्रा आतून खाल्ला जातो आणि वरचा रंग मात्र शाबूत राहतो. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळ, दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड (दारांखालचे पोकळ पत्र्याचे पट्टे), मागच्या चाकांना गती देणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवरचा उंचवटा आणि दारांचे खांब मिळूनच तिचा सांगाडा बनतो, त्यामुळे तळाला पडलेले भोक म्हणजे नुसती धूळ आत येण्याची वाट नसते.

वर्कशॉपच्या मालकांनी, म्हणजे वस्तादांनी, आधी सीट, मॅट आणि नमदे काढून घेतले, बॅटरीच्या तारा सोडवल्या, तळाजवळून जाणारी वायरिंग व पेट्रोलची नळी दूर केली आणि मग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तळ इंच इंच ठोकून पाहिला. चांगल्या पत्र्यावर टणटण आवाज येत होता. जेथे आवाज बसका येई, तेथे ते खडूची खूण करीत आणि थोडा जोर लावताच टोक आरपार जाई. चालकाच्या पायाखाली चार बोटांचे दिसणारे दुखणे तारेच्या ब्रशने घासल्यावर वीतभर निघाले. पूर्वी कोणत्या तरी गॅरेजने तेथे गंजावरच पट्टी ठेवून कडेने डांबर भरले होते आणि दोन पत्र्यांमध्ये ओल कोंडून जुना गंज दुपटीने वाढवला होता. एवढे कापायलाच हवे का, असे मी विचारले, तेव्हा वस्ताद म्हणाले, “साहेब, चांगला पत्रा लागेपर्यंत कापावंच लागतंय. मधीच थांबलो तर वेल्डिंगचा टाका धरायचा कशाला?” प्रत्यक्षात त्यांनी खुणेच्याही बोटभर पलीकडे कापले, आणि तेच योग्य होते.

रनिंग बोर्डाला ग्राइंडर लावण्यापूर्वी त्यांनी दाराच्या चौकटीत आडवी नळी टाके मारून बसवली आणि दोन्ही कर्णांची मापे खांबावर लिहून ठेवली. ही खबरदारी सर्वत्र घेतली जात नाही. आधार न देता कापलेली गाडी मधोमध किंचित बसते आणि त्याच अवस्थेत वेल्डिंग झाले, तर पुढे दार कधीच नीट लागत नाही. माझी दारे आज पूर्वीइतक्याच सहजतेने लागतात.

नवा पत्रा २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा, सीआर (थंड लाटलेला) पत्रा आहे. एवढ्या पातळ पत्र्यावर नेहमीचे आर्क वेल्डिंग केले तर भोके पडतात आणि गॅस वेल्डिंगची उष्णता लांबवर पसरून पत्रा तंबोऱ्यासारखा फुगतो. येथे ०.८ मिलिमीटर तारेचे मिग मशीन, म्हणजे गॅसच्या आवरणाखाली तार वितळवून जोडणारे वेल्डिंग यंत्र, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅसवर चालवतात. एक टाका या कोपऱ्यात, दुसरा समोरच्या कोपऱ्यात, तिसरा मध्यावर, असे विखुरलेले टाके घालून हात लावता येईल इतपत पत्रा निवू देतात आणि मगच मधली जागा भरत जातात. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पार गेलेला असताना वेल्डिंगच्या वेळी पंखा बंद ठेवला जातो, हे मला विशेष वाटले. वाऱ्याने टाक्यावरचा गॅस उडून गेला, तर आत बुडबुडे राहून जोड सच्छिद्र होतो. घामाने निथळत काम करणाऱ्या माणसाला पंखा बंद ठेवायला सांगणारा मालक कठोर वाटेल, पण येथे मालकच वेल्डर आहे. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पत्रा वापरा, म्हणजे गंजणार नाही, हा माझा आग्रह त्यांनी साफ नाकारला. जस्ताच्या धुराने अंगात ताप भरतो आणि टाकाही नीट बसत नाही, ही त्यांची दोन्ही कारणे खरी आहेत.

सीटचे बोल्ट जेथे येतात, तेथे खालून जाड पट्टी जोडून भार मोठ्या जागेवर वाटून दिला आहे. मूळ तळावर असलेल्या दाबीव नाल्या मात्र जमलेल्या नाहीत. त्या पत्र्याला ताठपणा देतात. येथे त्या अँगलवर ठेवून हातोडीने उठवल्या जातात, त्यामुळे त्या उथळ आणि थोड्या वाकड्या आल्या असून मागच्या बाजूस पाय ठेवला की पत्रा किंचित ढपढप वाजतो. मजबुतीला बाधा नाही, पण मूळ रूप जसेच्या तसे हवे असणाऱ्याला हे खुपेल.

याहून गंभीर तक्रार पाणी निघून जाण्याच्या छिद्रांची आहे. नव्या पत्र्यात ती ठेवण्याचे राहून गेले होते आणि गाडीखाली पाहताना मी विचारल्यावरच पाडली गेली. रनिंग बोर्डाच्या पोकळीत गंज रोखण्यासाठी फवारायचे मेणही त्यांच्याजवळ नसते; “जळकं ऑइल सोडू की,” असे सुचवले गेले. ते मी मान्य केले नाही, कारण असे ऑइल ठिबकत राहते आणि जोडांवरील सीलर खराब करते. मेण पुण्याहून मागवून त्यांच्याच कॉम्प्रेसरवर फवारून घेतले. एपॉक्सी प्रायमर, दोन्ही बाजूंनी जोडांवर सीलर आणि शेवटी रबरी कोटिंग हा क्रम मात्र त्यांनी न सांगता पाळला.

आगीबाबतची दक्षता चांगली आहे. वेल्डिंग चालू असताना एक पोरगा ओले पोते घेऊन पलीकडच्या बाजूला बसलेला असतो आणि वाळूची बादली हाताशी असते. तोच पोरगा ग्राइंडर मात्र गॉगलशिवाय चालवतो, आणि याबद्दल दोनदा बोलूनही फरक पडलेला दिसला नाही.

खर्च सुरुवातीला सांगितलेल्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट झाला. प्रत्येक वाढीपूर्वी सडलेल्या भागाचा फोटो पाठवून विचारणा झाली, म्हणून फसवणूक झाली असे म्हणवत नाही. तरी मजुरी आणि सामान वेगवेगळे दाखवणारे बिल मिळत नाही, वहीच्या पानावर एकच रक्कम लिहून मिळते. कबूल केलेली मुदतही पाळली गेली नाही. सीट आणि मॅट घरीच काढून गाडी नेल्यास मजुरीत सूट देतात. रंगकाम येथे होत नाही, आणि पावसाळ्यात तळाचे काम शेडमध्ये जागा रिकामी असेल तरच हाती घेतात, तेव्हा गाडी नेण्यापूर्वी फोन करून जागा धरून ठेवावी.