गोडॉटसाठी थीमजेन : सहा महिने वापरून

गेल्या दिवाळीआधी माझ्या गेममध्ये नऊ स्क्रीन आणि एकशे बारा बटणं होती, आणि त्यातलं एकेक बटण मी हातानं रंगवलं होतं. गेम छोटाच, पहिली-दुसरीच्या मुलांना जोडाक्षरं ओळखायला लावणारा. ज्या शिकवणीसाठी तो करत होते, तिथल्या बाईंचा फोन आला, "निळा रंग उन्हात दिसतच नाही गं, जरा गडद कर की." मुलं व्हरांड्यात बसून मोबाइलवर खेळणार, वर सोलापूरचं ऊन. त्यांचं बरोबरच होतं. पण त्या 'जरा'पायी माझ्या दोन रात्री गेल्या. तरी सेटिंगमधलं एक बटण निळंच राहिलं, आणि एका मुलीनं ते पहिल्याच दिवशी शोधून काढलं.

त्याच आठवड्यात मी थीमजेन बसवलं. गोडॉट म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, आणि हे त्याच्या चौथ्या आवृत्तीचं अ‍ॅड-ऑन आहे, फुकट आणि मुक्त स्रोत.

थीमची सोय गोडॉटमध्ये मुळातच आहे. बटण, लेबल, पॅनेल यांचे रंग, फॉन्ट, कोपऱ्यांची गोलाई, आतली मोकळी जागा हे सगळं एका थीम फाइलमध्ये भरायचं आणि प्रोजेक्ट सेटिंगमध्ये ती फाइल एकदा लावायची, की सगळ्या स्क्रीन तिचंच ऐकतात. कंटाळा येतो तो ती फाइल भरण्याचा. एका बटणाच्याच नॉर्मल, होव्हर, प्रेस्ड, डिसेबल्ड, फोकस अशा अवस्था. प्रत्येकीला वेगळा स्टाइलबॉक्स, म्हणजे रंग-कडा-गोलाईची चौकट, आणि प्रत्येकात तोच रंग पुन्हा पुन्हा निवडत बसायचं. 'हा माझा मुख्य रंग' असं नाव देऊन तो एका जागी ठेवता येत नाही.

थीमजेनमध्ये हीच थीम जीडीस्क्रिप्टमध्ये, म्हणजे गोडॉटच्या कोडच्या भाषेत, लिहायची. वर चार-पाच व्हेरिएबल, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या किंमती : मुख्य रंग, अक्षरांचा रंग, गोलाई, जागा. खाली बटण कसं, पॅनेल कसं ते. दाबलेल्या बटणासाठी सगळं नव्यानं लिहावं लागत नाही. नॉर्मलसारखंच, फक्त रंग थोडा गडद, एवढंच सांगायचं. स्क्रिप्ट चालवली की थीम फाइल तयार. मुख्य रंगाची एक ओळ बदलून मी पुन्हा चालवली, आणि नऊच्या नऊ स्क्रीन मरून झाल्या तेव्हा मी खुर्चीतून उठून बाबांना हाक मारली.

बाबांनी आयुष्यभर जेकार्डच्या मागावर चादरी विणल्या. सोलापुरी चादरीची नक्षी पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांत असते : जिथं भोक तिथं सुई आत जाते आणि तिचा ताण्याचा धागा वर उचलला जातो. पत्त्यांची माळ एकदा तयार झाली की त्याच नक्षीची चादर लाल निघते, हिरवी निघते, मागावर कुठलं सूत चढवलंय त्यावर. स्क्रीनकडे बघून ते म्हणाले, "म्हणजे पत्ते तेच, सूत बदललंस." थीमजेन म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं.

मराठीत गेम करणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम बघावी. गोडॉट ३ मध्ये जोडाक्षरं नीट जुळायचीच नाहीत. मार्च २०२३ मध्ये ४ आलं तेव्हा ती अडचण सुटली. पण बटणांचे नेहमीचे आकार इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. मुक्ता फॉन्टमध्ये 'मूर्ती' लिहिलं की रफार आणि वेलांटी बटणाच्या वरच्या कडेला टेकायची, आणि 'कृष्णा'तला ऋकार खाली. पहिलीतलं पोर रफार बघूनच शब्द ओळखायला शिकतं, तो कडेत हरवून कसा चालेल? आधी मी हे बटणागणिक सारखं करत होते. आता वरची आणि खालची मोकळी जागा १० वरून १६ केली, दोन आकडे, आणि सगळीकडचे रफार मोकळे झाले.

एकाच स्क्रिप्टमधून दोन-तीन थीमही निघतात. माझ्या गेममध्ये उन्हाची एक आणि रात्रीची एक अशा दोन आहेत. बटणाची व्याख्या दोघींची एकच, फक्त रंग वेगळे. जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत बाई म्हणाल्या, "सिद्धेश्वरांच्या यात्रेपुरता गेम बाराबंदीसारखा पांढराशुभ्र करशील का?" चहा उकळेपर्यंत तिसरी थीम तयार झाली. मात्र पांढऱ्यावर डिसेबल्ड बटणाचा करडा रंग ओळखूच येईना, त्यात संध्याकाळ गेली. कुठला रंग कशावर उठून दिसतो हे थीमजेन सांगणार नाही. ते आपणच मोबाइल उन्हात नेऊन बघायचं.

कोड लिहायची सवय नसेल तर गोडॉटमधला साधा थीम एडिटरच बरा. गेम दोन स्क्रीनचा असेल तरी याची गरज नाही. पाच-सहा स्क्रीन आणि पुढे बदल होणार हे दिसत असेल, तर पहिल्याच दिवशी बसवा.

मी ते उशिरा बसवलं, त्याचा त्रास वेगळा झाला. आधी इन्स्पेक्टरमध्ये (निवडलेल्या वस्तूच्या सेटिंगची खिडकी) जाऊन बटणाबटणावर जे ओव्हरराइड, म्हणजे फक्त त्या बटणापुरते वेगळे रंग-आकार, टाकलेले असतात, ते थीमला जुमानत नाहीत. गोडॉट आधी नोडवरची (बटण, लेबल अशा एकेका घटकावरची) किंमत घेतं, मग थीमची. म्हणजे स्क्रिप्ट कितीही अचूक लिहिली तरी हातानं रंगवलेलं बटण जुन्याच रंगात राहतं. म्हणून मरून रंग लावण्याआधी प्रत्येक सीन उघडून, नोड निवडून, थीम ओव्हरराइडच्या खणातल्या खुणा एकेक करून काढाव्या लागल्या. एकशे बारा बटणांना मला एक अख्खा रविवार लागला.