गांडुळांची ‘हमी खरेदी’: आमचे एक लाख साठ हजार कसे गेले

बेस्टमध्ये अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी केली. भर गर्दीत फाटकी नोट खपवायला कोणी आला तर हाताला नुसती लागली तरी कळायची. असा मी निवृत्तीनंतर गांडुळांत फसलो. लाज वाटते, पण लिहितो, कारण ही मंडळी आता दुसऱ्या नावाने उभी राहणार याची मला खात्री आहे.

बायकोचं माहेर गोराई गावातलं. मेहुण्याची छोटी वाडी आहे, तिथे आम्ही दोघांनी मिळून दीडशे-दोनशे गावरान कोंबड्या पाळल्या. कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते, म्हणजे रोज वीस किलोच्या आसपास खाद्य. मक्याचा भरडा परवडतो, सोयाबीन पेंड कंबर मोडते. मेहुणा सुकटीचा चुरा घालायचा, तर अंड्याला वास येतो अशी गिऱ्हाइकांची तक्रार. नेमक्या त्याच वेळी मोबाइलवर व्हिडिओ आला: घरच्या घरी गांडूळ पाळा, कोंबड्यांना फुकट प्रोटीन, वरचा माल आम्ही हमीभावाने उचलतो.

ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात. एसी, काचेच्या बरण्यांत वळवळणारी तांबडी गांडुळं, आणि ‘काका’ म्हणून बोलणारा एक गोड तरुण. म्हणाला, वाळवलेल्या गांडुळात साठ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं. हे खरंच आहे, मी नंतर पडताळलं. खोटं काही नव्हतंच तोपर्यंत, म्हणून तर पटलं.

एक सेट बेचाळीस हजारांचा: चार बेड म्हणजे गांडुळं वाढवायचे वाफे, चाळीस किलो कल्चर म्हणजे पाळायची जिवंत गांडुळं, आणि एक दिवसाचं ट्रेनिंग. दोन महिन्यांत माल दुप्पट, आणि किलोला चारशे रुपयांनी परत खरेदी. सगळं पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर. दिवाळीनंतर टेम्पो आला, उत्तनवरून फिरून, कारण गोराईच्या खाडीतून बोटीने एवढे क्रेट कोण आणणार! वहिनी दारात मासळी विकते, तिचा काटा तिथेच होता. ती म्हणाली, “भावोजी, वजन करून घ्या. मी पापलेटसुद्धा बर्फ झाडून तोलते.” मी हसून टाळलं. माणूस बिल घेऊन उभा असताना शेण चाळत बसणं मला बरं दिसेना.

फेब्रुवारीत त्यांनी स्वतः फोन केला, “काका, माल काढा.” वीस किलो नेले आणि आठ हजार रुपये त्याच संध्याकाळी खात्यात जमा. आमिष ते हेच. मी आणखी तीन सेट घेतले, एक लाख सव्वीस हजार. त्यातले निम्मे माझ्या धाकट्या बहिणीचे, तिच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले. तिला मीच गळ घातली होती.

पुढच्या खेपेला माल नाकारला. ओल जास्त आहे. मग आकार लहान आहे. मग करारातलं ग्रेडिंगचं कलम दाखवलं, जे मी वाचलंच नव्हतं. तेव्हा कुठे मला काटा आठवला. नवीन आलेला एक सेट उन्हात प्लास्टिकवर ओतला. उजेड लागला की गांडुळं तळाशी पळतात, वरचं शेण थोडं थोडं खरवडत गेलं की शेवटी गांडुळांचा गोळा उरतो. चाळीस किलोंत गांडुळं निघाली अकरा किलो. बाकी ओलं शेण, किलोच्या भावाने घेतलेलं.

मे महिन्यात पत्र्याखाली बेड तापले. पस्तीस अंशांपुढे ही गांडुळं तग धरत नाहीत. निम्मी सडली, तो वास अजून नाकात आहे. उरलेल्यांवर तांबड्या मुंग्या लागल्या. शिवाय बेडमध्ये कोंबड्यांची विष्ठा घाला असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर म्हणाले, अहो, कोंबडीच्या जंतांची अंडी गांडुळाच्या पोटात राहतात, तीच गांडुळं परत कोंबडीला घालताय तुम्ही!

पण खरा हिशेब मी जूनमध्ये केला, तोही पेन्सिलने, वर्तमानपत्राच्या कडेला. गांडुळात ऐंशी टक्क्यांच्या वर पाणी असतं. एक किलो सुकी भुकटी करायला पाच किलो तरी जिवंत गांडुळं लागतात. चारशेने पाच किलो म्हणजे दोन हजार रुपये. सोयाबीन पेंड तेव्हा मला पन्नासच्या आसपास मिळत होती, आणि तिच्यातही पंचेचाळीस टक्के प्रोटीन असतं. मग कोंबडीच्या खाद्यासाठी दोन हजारांनी हे घेणार कोण? असा कारखानदार जगात नसतो. चारशेच्या भावाला गिऱ्हाईक एकच: पुढचा सेट घेणारा माझ्यासारखा कोणीतरी. २०१९ साली सांगलीकडच्या कडकनाथ प्रकरणाच्या बातम्या वाचून डेपोत आम्ही त्या शेतकऱ्यांना नावं ठेवली होती. पिल्लं महाग विकायची, अंडी परत घ्यायचं वचन द्यायचं. इथे कोंबडीच्या जागी गांडूळ, एवढाच फरक.

फोन बंद झाल्यावर गाळ्यावर गेलो. शटरला कुलूप, बाहेर माझ्यासारखे पाच-सहा जण. बदलापूरच्या एका गृहस्थांनी मोबाइलवर त्यांच्या बेडचे फोटो दाखवले, आणि मी फोन हातातून घेतला. मागे ठेवलेल्या क्रेटवर निळ्या ऑइलपेंटने ‘गो’ लिहिलं होतं. ते अक्षर माझं. फेब्रुवारीत वीस किलो देताना क्रेट परत मिळावेत म्हणून मीच रंगवलं होतं. माझ्याकडून आठ हजारांना नेलेला माल त्याच आठवड्यात शेण घालून, चाळीस किलो म्हणून, या बदलापूरच्या गृहस्थांना बेचाळीस हजारांच्या सेटमध्ये गेला होता.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा सांगितलं, हा धंद्यातला वाद आहे, कोर्टात जा. एकेकटे गेलो तेव्हा हेच उत्तर. मग आम्ही चौदा जणांनी बँकेची स्टेटमेंट, करार आणि त्या क्रेटचे फोटो एकत्र जोडून भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली एकच अर्ज दिला, तेव्हा तो घेतला गेला. चौकशी चालू आहे. बहिणीचे पैसे मी पेन्शनीतून महिन्याला तीन हजार असे फेडतोय. ती घेताना काही बोलत नाही, तेच जास्त लागतं.

माझे चारच क्रेट परत आलेले नाहीत. निळ्या ‘गो’चा क्रेट तुमच्याकडे आला असेल तर तो धुऊ नका, टाकू नका. सोबतच्या बिलासकट तसाच ठेवा आणि जवळच्या ठाण्यात दाखवा.