डब्ल्यू १२३ की डब्ल्यू १२४? पहिली जुनी मर्सिडीज निवडताना

जुनी आलिशान गाडी घ्यायची, सवडीने नीट करायची आणि रविवारी बाहेर काढायची असं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्यासमोर आपल्याकडे फिरून फिरून दोनच मर्सिडीज उभ्या राहतात. एक १९७६ ते १९८६ या काळात बनलेली डब्ल्यू १२३ (हा कंपनीचा मॉडेल-संकेत). दुसरी तिच्या जागी आलेली डब्ल्यू १२४, जिची जुळणी १९९५ पासून पुण्यात टाटांच्या टेल्को कंपनीच्या आवारात झाली. एस-क्लास किंवा जॅग्वार एक्सजेचा मोह होतो, पण पहिल्या गाडीसाठी तो आवरावा. तिथे कामाचा व्याप आणि भागांची किंमत दोन्ही एकदम वाढतात.

या दोघींतला खरा फरक ताकदीचा किंवा ऐटीचा नाही, बिघडण्याच्या पद्धतीचा आहे. १२३ बिघडते ती पत्रा, रबर आणि हवेच्या नळ्यांमुळे, म्हणजे डोळ्याला दिसेल आणि हाताला लागेल अशी. १२४ चालायला कितीतरी सरस, पण तिचे महागडे बिघाड वायरींच्या आवरणाखाली आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांमागे दडलेले असतात. आपल्याला कुठल्या प्रकारच्या कामात रमायला आवडेल, हे आधी ठरवा.

कागदपत्रं

गाडी बघायच्या आधी आरसी बघा. आपल्याकडच्या बहुतेक १२३ आयात होऊन आल्या: दूतावासांच्या, मोठ्या हॉटेलांच्या किंवा आखातातून परतलेल्यांच्या. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये आहे, पण आयात केलेल्या चारचाकीसाठी तेच ८०,००० रुपये. नूतनीकरण दर पाच वर्षांनी येतं, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे आरसीवर 'इम्पोर्टेड' अशी नोंद आहे का, हा मुद्दा सौदा ठरवू शकतो. पुण्यात जुळवलेल्या १२४ ला ही अडचण सहसा नसते, तरी नोंद तपासूनच घ्या.

१२३ च्या बाजूने एक गोष्ट आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, फेरनोंदणीला ५,०००. सुरुवातीच्या १२३ आत्ता त्या उंबरठ्यावर आहेत. मात्र व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. आणि 'मूळ रूप' ही अट खरी आहे, इंजिन बदललेलं असेल तर तिथेच अडतं.

इंजिन बदललेल्या १२३ आपल्याकडे पुष्कळ. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल बसवलं, तेही बऱ्याचदा टेम्पोचं, कारण २४० डी या १२३ च्या डिझेल मॉडेलमधल्या ओएम ६१६ घराण्याचं इंजिन बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, परवान्यावर आपल्या गाड्यांसाठी बनवलं. ओळखायचं कसं? २४० डी च्या चासी क्रमांकात १२३.१२३ हे आकडे असतात आणि इंजिन क्रमांक ६१६.९१२ ने सुरू होतो. पुण्याच्या ई २२० ला (१२४ चं पेट्रोल मॉडेल) चासी १२४.०२२, इंजिन १११.९६०. आरसी, चासीवरची कोरणी आणि इंजिनवरचा ठसा, तिन्ही जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका.

पत्रा

दोन्ही गाड्यांत सर्वांत जास्त पैसा पत्र्यावर जातो. इंजिन उघडून पंधरा दिवसांत होतं, पण सडलेले सिल (दारांखालची पत्र्याची पेटी) कापून नवे वेल्ड करायला महिने लागतात. कोकण किनाऱ्यावर किंवा मुंबईत उघड्यावर उभी असलेली गाडी चमकत असली तरी संशयानेच बघावी.

रंगाची जाडी मोजायचं गेज भाड्याने मिळतं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. ३०० च्या वर गेला की खाली पुट्टी आहे असं धरा, आणि १,००० च्या वर गेला की तिथे पत्रा उरलाय का हेच बघावं लागेल. गेज नसेल तर मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक चालतं.

१२३ मध्ये जॅकची भोकं, हेडलाइटमागचा पुढच्या मडगार्डचा कोपरा, बॅटरीखालची थाळी, डिकीत स्टेपनीची खोळ आणि पुढच्या काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत गंज शोधा. सनरूफ असेल तर त्याच्या पाणी जायच्या नळ्या तुंबलेल्या असतात आणि पाणी थेट सिलमध्ये उतरतं. हे सगळं टॉर्च घेऊन तासाभरात दिसतं.

१२४ मध्ये तसं नाही. दारांखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांमागे चिखल साठतो आणि जॅकच्या जागा आतून जातात, वरून पट्टी कोरी करकरीत. पट्ट्या काढल्याशिवाय ही गाडी घेऊच नये. क्लिपा तुटतातच, नव्या दोन-तीन डझन आधी आणून ठेवा. पुढच्या स्प्रिंगची वरची बैठक गंजली असेल तर गाडी सोडून द्या.

इंजिन: १२३ कडे हात, १२४ कडे मीटर

२४० डी चं डिझेल संथ आहे. सुरुवातीला ६५, नंतर ७२ अश्वशक्ती आणि सुमारे १,४०० किलोची गाडी. खंबाटकीत एसी बंद करावा लागेल. पण शिकायला याहून चांगलं इंजिन नाही. व्हॉल्व्हचं अंतर दर २४,००० किमीला तपासायचं असतं आणि ते घरी करता येतं. इंजिन पूर्ण थंड हवं. क्रँकच्या पुढच्या बोल्टवर २७ मिमीचा सॉकेट लावून इंजिन त्याच्या चालीच्या दिशेनेच फिरवा. उलटं फिरवू नका आणि कॅमच्या बोल्टवर जोर देऊ नका. कॅमचं नाक वर आलं की फीलर गेज (पातळ मोजपट्टी) घाला: इनटेकला ०.१० मिमी, एक्झॉस्टला ०.३०. १४ च्या दोन पान्यांनी वरचं नट धरून खालचं लॉक सैल करायचं, अंतर लावायचं, परत कसायचं आणि कसल्यावर पुन्हा मोजायचं, कारण कसताना अंतर थोडं हलतं. अंतर कमी पडलं तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि थंडीत गाडी सुरू व्हायला त्रास देते. लोक अशा वेळी ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून आतून तापवणारे) बदलत बसतात. १९८० च्या आधीच्या गाड्यांत ते प्लग एकामागे एक जोडलेले आहेत, एक गेला की सगळे बंद, हेही लक्षात असू द्या.

चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही, ही या गाडीची दुसरी ठरलेली तक्रार. डिझेल १२३ बंद होते ती व्हॅक्यूमने, म्हणजे नळ्यांतल्या हवेच्या ओढीने, आणि दारांची कुलुपंही त्याच व्हॅक्यूमवर चालतात. म्हणून मागच्या दारातला फाटका डायफ्रॅम (रबरी पडदा) इंजिन बंद होऊ देत नाही. हातपंपाने नळ्यांच्या एकेका फांदीवर सुमारे अर्धा बार व्हॅक्यूम ओढा. काटा मिनिटभर हलला नाही तर ती फांदी ठीक. उतरला तर रबरी जोड बदला, तो काही रुपयांचा असतो.

पेट्रोल १२३, म्हणजे २३० ई, घेण्याआधी विचार करा. तिच्या के-जेट्रॉनिक इंधनप्रणालीतला फ्युएल डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना पेट्रोल वाटणारा भाग) गाडी वर्षभर उभी राहिली की अडकतो, आणि आताच्या ई-२० पेट्रोलने जुन्या नळ्या लवकर मऊ पडतात. शिवाय टायमिंग चेन एकेरी आहे. चेनचा आवाज येत असेल तर ती आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर बदलूनच चालवा.

१२४ ई २२० मात्र १५० अश्वशक्तीची, एक्सप्रेस-वेवर आजही निवांत शंभर राखणारी गाडी. तिचा मोठा दोष म्हणजे इंजिनची वायरिंग. १९९३ ते १९९५ च्या सुमारास वायरींवर जे आवरण वापरलं गेलं ते उष्णतेने ठिसूळ होऊन गळतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, इंजेक्टरजवळची बाहेरची नळी दोन बोटं मागे सरकवा आणि एक वायर हलकेच वाकवा. आवरण बिस्किटासारखं तुटलं तर पूर्ण हार्नेस (वायरींची जुडी) नवा लागेल. टेप गुंडाळून चालत नाही, कारण दोन वायरी एकमेकींना टेकल्या की ईसीयू (इंजिनचा संगणक) जळतो आणि मग खर्च हार्नेसच्या पलीकडे जातो. हार्नेस बदलल्याची पावती असलेली ई २२० थोडी महाग मिळाली तरी घ्यावी. डिझेल १२४ मध्ये व्हॅक्यूम पंपाचं बेअरिंग बघा. ते फुटलं की त्याच्या गोळ्या टायमिंगच्या चेनमध्ये जाऊ शकतात.

चालवताना

१२३ चं स्टिअरिंग थोडं सैल वाटतंच. रिमवर २५ मिमीच्या आत खेळ असेल तर घाबरू नका. जास्त असेल तर लगेच स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळू नका, आधी आयडलर आर्मचा (स्टिअरिंगच्या दांड्यांना आधार देणारा भाग) बुश बदला. आवळलेला बॉक्स वळणात अडकतो आणि आतून झिजतो.

१२४ ला मागे प्रत्येक चाकाला सस्पेन्शनचे पाच दांडे आहेत. ती ज्या निश्चिंतपणे वळते ते त्यांच्यामुळे. त्यांचे रबरी बुश गेले की मागचे टायर आतल्या कडेने खातात. बदलताना मेकॅनिक हमखास एक चूक करतात: गाडी लिफ्टवर असतानाच बोल्ट पूर्ण कसतात. मग गाडी खाली आली की रबर पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. चाकं जमिनीवर, पूर्ण वजन पडलेलं, तेव्हाच शेवटचा कस द्यायचा. हे समोर उभं राहून करून घ्या.

१२३ चा एसी जुन्या आर-१२ वायूचा. तो नंतरच्या आर-१३४ए वायूवर आणताना जुनं मिनरल ऑइल काढून एस्टर ऑइल घाला, ओलावा शोषणारा रिसीव्हर-ड्रायर आणि सगळ्या ओ-रिंग बदला. नुसता वायू भरून देणाऱ्याकडे जाऊ नका.

आतली बाजू आणि भाग

दोन्हींच्या आसनांत स्प्रिंगवर रबर लावलेला काथ्या असतो. त्याचा भुगा झाला की बैठकवाले फोम भरून देतात. फोम पहिल्या दिवशी मऊ वाटतो, पण दोन तासांच्या प्रवासात पाठ बोलू लागते. काथ्याचीच गादी आग्रहाने करून घ्या.

भागांत १२४ पुढे आहे. पुण्याच्या नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात तिचे सस्पेन्शन, ब्रेक, दिवे मिळत राहतात. १२३ चं यांत्रिक सामान मिळतं, पण क्रोमच्या पट्ट्या, बंपर, डॅशबोर्ड आणि काचांची रबरं परदेशातून मागवावी लागतात. म्हणून १२३ घेताना एक नियम पाळा: इंजिन खराब असलं तरी चालेल, पण गाडी पूर्ण असली पाहिजे. 'क्रोम घरी ठेवलंय, नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून ते आधी हातात घ्या.

ज्यांना पाना हातात घ्यायचाय, घाई नाही आणि नूतनीकरणाचा ८०,००० चा आकडा परवडतो, त्यांनी मूळ इंजिनाची २४० डी किंवा तिची डिझेल बहीण ३०० डी शोधावी. कुटुंबाला घेऊन गोव्याला जायचंय आणि काम विश्वासू गॅरेजकडून करून घ्यायचंय, त्यांना ई २२० योग्य. दोन्ही बाबतीत इसार देण्याआधी गाडी थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला सांगा, रॅम्पवर चढवा, १२४ असेल तर खालच्या पट्ट्या काढायची परवानगी घ्या. यांपैकी कशालाही विक्रेता नाही म्हणाला तर ती गाडी सोडून पुढची बघा.