फ्लॅट चांगला मिळाला, डिपॉझिट मात्र भांडून काढावं लागलं

सेवा: जळगावातली एक एजन्सी, जी बाहेरगावी राहणाऱ्या मालकांची घरं सांभाळते आणि भाड्याने देते. नाव लिहीत नाही, कारण एका रकमेचा वाद अजून चालू आहे. माझे गुण: पाचपैकी दोन.

आधी चांगलं ते सांगते. पिंप्राळ्याकडे वन बीएचके हवा होता, सासूबाईंना जिना चढवत नाही म्हणून पहिल्या मजल्याच्या वर नको होता. एजन्सीने तसाच दाखवला. फोटोत एक आणि प्रत्यक्षात दुसरं, असं काही झालं नाही. भाडं 9,500, डिपॉझिट 30,000, आणि एक महिन्याचं भाडं त्यांचं कमिशन. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार त्यांनी रीतसर ऑनलाइन नोंदवून दिला. माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. नोंदणी फी शहरात 1,000 रुपये असते, मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का. दोन्हींच्या पावत्या त्यांनी न मागता दिल्या. पुढच्या वर्षीचा करारही तसाच झाला. ऐन एप्रिलात पाण्याची मोटर जळाली तेव्हा संध्याकाळच्या आत वायरमन आला होता. गीझरची कॉइल गेली तीही बदलून दिली. राहत असताना माझी त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती.

तक्रार घर सोडल्यावरची आहे.

मिस्टरांची ड्युटी भुसावळला गेली. रेल्वेत रात्रपाळी असते, म्हणून आम्ही तिकडे राहायला गेलो. माझी नोकरी जळगावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येच आहे, आता मी अपडाऊन करते. एक महिन्याची नोटीस लेखी दिली होती. सामान निघाल्यावर ओळखीच्या दोन मावशींकडून अख्खं घर धुऊन घेतलं: पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, ओट्यामागच्या टाइल्स, बाथरूम, गॅलरी. 1,200 रुपये फोनपेवर दिले. किल्ल्या घ्यायला एजन्सीचा मुलगा आला, त्याने खोल्या फिरून बघितल्या. मी मोबाईलवर व्हिडिओ काढत त्याच्यामागे फिरले. शेवटी तो म्हणाला, "ताई, सगळं ओके आहे, मीटरचा फोटो पाठवून द्या." हे वाक्य व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतं.

त्यानंतर बरेच दिवस फक्त "अकाऊंटला टाकलंय मॅडम" एवढंच उत्तर येत होतं. मग खात्यात 20,660 रुपये जमा झाले. शेवटच्या लाईट बिलाचे 640 कापले होते, ते बरोबरच होतं. उरलेले 8,700 साफसफाईचे. व्हॉट्सअ‍ॅपवर एक कागद आला: डीप क्लिनिंग 4,500, बाथरूमचे क्षार 1,800, किचन चिमणी व टाइल्स 1,400, पंखे व खिडक्या 1,000.

त्या फ्लॅटमध्ये चिमणी नाही. कधीच नव्हती. एक साधा एक्झॉस्ट फॅन आहे.

या एका ओळीवरून मला कळलं की हा कागद आमचं घर बघून तयार झालेला नाही. नीट पाहिलं तर ते बिलही नव्हतं. वर "अंदाजपत्रक" लिहिलेलं, तारीख नाही, काम करणाऱ्याचं नाव नाही, पैसे दिल्याची पावती नाही. सोबत फोटो होते. खिडकीच्या चौकटीवर धुळीचा थर, हॉलच्या फरशीवर पांढरे डाग, आणि बाथरूमचा नळ, ज्यावर पांढरी पापडी धरलेली.

धुळीचं आधी बोलते. फोटो किल्ल्या दिल्यानंतर बऱ्याच दिवसांनी काढलेले होते. जळगावच्या मे महिन्यात घर बंद ठेवलं, खिडक्या बंद असल्या, तरी दुपारच्या वाऱ्याने फटींतून माती आत येते. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. रिकाम्या घरात बसलेली धूळ आधीच्या भाडेकरूच्या खात्यावर कशी टाकता येईल?

फरशीवरच्या डागांचा उलगडा खालच्या काकूंनी केला. मी फोन केला तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "अगं, तुम्ही गेल्यावर रंगकाम झालं ना. चार दिवस घासकागदाचा आवाज, जिन्यात नुसता भुगा." मग मी तो फोटो मोठा करून पाहिला. स्कर्टिंगच्या कडेने पुट्टीचे वाळलेले थेंब दिसत होते, आणि कोपऱ्यात ब्रश पुसलेला कागदाचा बोळा. म्हणजे आधी मालकाच्या घराला रंग दिला, त्या रंगाने घर घाण झालं, आणि ती घाण काढायचे 4,500 माझ्या डिपॉझिटमधून घेतले. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. एका लॅब टेक्निशियनच्या पगारात साडेचार हजार म्हणजे महिन्याचा किराणा असतो.

क्षारांचं थोडं सविस्तर लिहिते, कारण जळगावात, भुसावळात, खाली धुळ्यापर्यंत बोअरवर चालणाऱ्या कुठल्याही बिल्डिंगमध्ये हा प्रश्न येणारच. नळाचं पाणी रोज येत नाही, वापरायला बोअर. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पाणी तापलं किंवा वाळलं की त्याचा कार्बोनेट मागे राहतो, तीच ती पांढरी पापडी. गीझरची कॉइल त्यानेच जाते, शॉवरची भोकं त्यानेच बुजतात. रोज पुसून घेतलं तर कमी बसते, पण बसतेच. आमच्या शेजारी अमळनेरकडच्या एक आजी राहायच्या, त्या म्हणायच्या, "हाई पाणीच तसं शे, बहीण. नवा नळ बी धवया व्हई जास." (अहिराणीत धवया म्हणजे पांढरा.) ती पापडी घालवायला सायट्रिक अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवायचं आणि नायलॉनच्या ब्रशने घासायचं, एवढं पुरतं. बाजारातलं कडक अ‍ॅसिड ओतलं तर क्षार लगेच जातात, पण टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट खातं आणि नळाचं क्रोमही काळवंडतं. त्यामुळे मी ते कधी वापरलं नाही.

आणि मुख्य म्हणजे हे क्षार आम्ही राहायला आलो तेव्हाही होते. आल्या दिवशी संध्याकाळी मी प्रत्येक खोलीचे फोटो काढून एजन्सीच्या नंबरवर पाठवले होते, खाली लिहिलं होतं, "बाथरूमच्या नळांवर व टाइल्सवर क्षार आधीपासून आहेत, नोंद असू द्यावी." त्यांचं उत्तर होतं, अंगठा (👍). तो अंगठा आज माझा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

मी फोनवर भांडले नाही. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं. ऑफिसला एकदा गेले, तिथल्या मॅडमनी लॅमिनेट केलेला एक कागद दाखवला, "आमची चेकआऊट पॉलिसी". त्यात लिहिलंय की प्रत्येक भाडेकरूकडून डीप क्लिनिंगचे पैसे घेतले जातील. मी विचारलं, हा कागद माझ्या नोंदणीकृत कराराला जोडलेला आहे का? नव्हता. माझ्या करारात डिपॉझिटमधून काय कापता येईल ते लिहिलेलं आहे: थकलेलं भाडं, लाईट बिल, आणि नैसर्गिक झीज वगळून झालेलं नुकसान. साफसफाई हा शब्दही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. नोंदणीच केली नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. माझा करार नोंदलेला होता, म्हणून मला फक्त त्यातली ओळ वाचून दाखवायची होती. ऑफिसच्या भिंतीवरचा कागद त्या कराराच्या वर जात नाही.

मॅडम म्हणाल्या, "सगळे देतात, तुम्हीच पहिल्या विचारताय." सगळे देतात हे मला खरं वाटलं. बरेच भाडेकरू विद्यार्थी असतात, नाहीतर बदलीवाले. गाव सोडलेलं असतं, नवीन घराचं डिपॉझिट भरायचं असतं, सात-आठ हजारांसाठी कोण परत येणार? म्हणूनच हे लिहितेय.

मग एक पत्र लिहिलं. एक पान, मराठीत, साधं. कपातीच्या प्रत्येक ओळीसमोर माझं म्हणणं आणि पुरावा. चिमणी: घरात नाही, आल्या दिवसाचा स्वयंपाकघराचा फोटो सोबत. टाइल्स, पंखे आणि खिडक्या: किल्ल्या देतानाचा व्हिडिओ, मावशींना दिलेले 1,200. डीप क्लिनिंग: तुमच्याच फोटोत पुट्टी दिसते. क्षार: आल्या दिवसाचे फोटो. शेवटी मागणी, की प्रत्यक्ष खर्चाची तारखेची पावती दाखवा, नाहीतर 8,700 पंधरा दिवसांत परत करा. एक प्रत एजन्सीला स्पीड पोस्टाने, एक पुण्याला मालकांना. मालकांचा पत्ता करारात असतोच.

ओळखीच्या एका भावाने सुचवलं होतं की पत्रात 2021 चा आदर्श भाडेकरू कायदा टाक, त्यात दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. तो मी टाकला नाही. तो केंद्राने राज्यांना दिलेला नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. चुकीचं कलम लिहिलं की समोरचा तेवढंच धरून बसतो.

फरक पडला तो मालकांमुळे. त्यांचा स्वतःहून फोन आला. म्हणाले, "ताई, रंगकामाचे आणि त्यानंतरच्या सफाईचे पैसे तर एजन्सीने माझ्याकडून घेतलेत." एकाच सफाईचे दोघांकडून पैसे! त्यांना माझ्या कपातीची कल्पनाच नव्हती. सज्जन माणूस, त्यांनी त्याच दिवशी एजन्सीला मेल केला आणि मला प्रत पाठवली. पुढच्या आठवड्यात 6,900 जमा झाले. ना फोन, ना चूक झाल्याचा एक शब्द, नुसता बँकेचा मेसेज.

1,800 त्यांनी ठेवले आहेत. म्हणणं असं की क्षार "वाढले". किती वाढले, कशावरून, आणि ते काढायला कोणाला किती दिले, याला उत्तर नाही. माझ्या मते बोअरच्या पाण्याने नळावर पापडी येणं ही झीजच आहे, जशी उन्हाने पडद्याचा रंग उडणं. मालकाने पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं असतं तर ती आलीच नसती. भाडेकरूने पाणी वापरायचंच नाही असं तर कोणी म्हणणार नाही.

या 1,800 साठी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. मी एजन्सीला कमिशन दिलेलं आहे, म्हणजे त्यांच्या सेवेची मी ग्राहक आहे, हा माझा मुद्दा. तिथे सुटलं नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि वाद सुरू झाल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मिस्टर म्हणतात सोडून दे. मला सोडायचं नाही, कारण तो लॅमिनेट केलेला कागद अजून त्या ऑफिसात आहे.

या एजन्सीकडून घर घ्यावं का, असं लॅबमधल्या दोघींनी विचारलं. मी त्यांना सांगितलं, घर बघायला हरकत नाही, घरं चांगली आहेत आणि दुरुस्तीला माणूस वेळेवर येतो. पण सही करायच्या आधी चेकआऊट पॉलिसी मागून घ्या आणि ती मान्य नाही असं तिथेच लिहून द्या. करारात "साफसफाईची कपात फक्त प्रत्यक्ष पावतीवर" ही ओळ घालायला लावा. राहायला जाल त्या दिवशी नळ, शॉवर, संडासाची टाकी, ओट्यामागची भिंत, पंख्यांची पाती यांचे जवळून फोटो काढून त्यांच्या नंबरवर पाठवा. आणि मालकांचा फोन नंबर एजन्सी टाळाटाळ करत असेल तरी घ्याच. माझे 6,900 त्या एका माणसापर्यंत पत्र पोचलं म्हणून आले.

त्यातल्या एकीने गेल्या रविवारी दुसऱ्याच एका मालकाकडून थेट घर घेतलं, गणेश कॉलनीत. बाथरूमचे फोटो तिने मलाही पाठवलेत. नळ पांढरेच आहेत.