ढोबळी मिरची की काळी मिरी?

न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन, त्याच नावाच्या द्राक्षाची. ग्लासात ओतली की आधी पेरूचा, मग नुकत्याच चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो. हा भास नव्हे. मिरचीतली पायराझिन द्रव्यं या द्राक्षातही असतात. चव इतकी आंबट की तोंडाला पाणी सुटतं. थंडगारच प्यावी.

फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन खोऱ्यातली सिरा ही लाल वाइन, तीही त्याच नावाच्या द्राक्षाची. तिला वास काळ्या मिरीचा, खलबत्त्यात नुकत्याच कुटलेल्या. मिऱ्यांतलं रोटंडोन हे वासाचं द्रव्य या द्राक्षाच्या सालीत असतं आणि लाल वाइन सालीसकट आंबवतात. सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्याने हिरड्या आवळतात, सुपारी चघळल्यावर आवळतात तशा.

तळलेल्या सुरमईबरोबर मी पहिलीच घेईन. मटणाच्या रश्श्याला मात्र सिराच, तीही १६ अंशांपर्यंत गार केलेली.